प्रवेशाच्या खिडकीवर एक पाटी हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवणे ही ‘खात्यापित्या घरची हौस’ असून अशा मुलांना पुढे महाविद्यालयाचे दार बंद होते, असे मत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मांडले होते. त्यांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर राखून सांगते की पत्राच्या पहिल्या अर्ध्या भागाशी मी वाद घालणार नाही, कारण घरी दिवसभर कोणीतरी मोठे माणूस असावे लागते आणि ती सोय प्रत्येक घरात नसते. दुसरा अर्धा भाग मात्र चुकीचा आहे. दार उघडे आहे. दारावर बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसते, ही खरी अडचण आहे.

माझी मुलगी 2020 साली आठवीत होती. त्या वर्षी शाळा बंद झाल्या, घरी बसून ती जे शिकली ते आम्ही जवळून पाहिले आणि शाळा पुन्हा उघडल्यावर रीतसर दाखला काढून घेतला. तोवर तिला चौदा वर्षे पूर्ण झाली होती. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे आणि त्यात गृहशिक्षणाचा उल्लेखच नाही, हे आम्ही आधी तपासून घेतले होते. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (सगळे तिला ‘एनआयओएस’ म्हणतात) तिने 2022 मध्ये दहावी आणि 2024 मध्ये बारावी केली. ही संस्था 1989 पासून आहे, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे मानले जाते. तरीही आपल्या शहरात एनआयओएस म्हटले की समोरचा माणूस आधी विचारतो, ‘नापास झाली होती का?’

जून 2024 मध्ये बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी आम्ही मायलेकी एका महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभ्या होतो. गुणपत्रिका पाहून झाल्यावर आतल्या गृहस्थांनी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागितली. मी एनआयओएसने दिलेला कागद पुढे केला. त्याच्या शीर्षकातच ‘मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट’ असे छापलेले असते, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र आणि दाखला एकाच कागदात. त्यांनी तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, ‘हे मायग्रेशन झालं ताई, टीसी कुठे आहे?’ मी शीर्षकावर बोट ठेवले. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘कॉलेजात नव्हती, तर मग दोन वर्षं करून काय राहिली होती ही घरी?’ शेवटी आम्हाला शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर ‘गॅप’चे प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगण्यात आले. त्याच वर्षी बारावी झालेल्या मुलीच्या शिक्षणात नेमका कुठला खंड पडला हे मला त्या दिवशी समजले नाही आणि आजही समजलेले नाही, पण प्रतिज्ञापत्र दिले. तीन फेऱ्यांनंतर प्रवेश झाला. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे असलेल्या छापील यादीत आमच्यासारख्यांसाठी ओळच नव्हती.

मजेची गोष्ट अशी की याच नागपुरात ‘टायअप’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात असते, मूल सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणी वर्गात असते आणि महाविद्यालयाचे तोंड प्रात्यक्षिकापुरते पाहते. ही रिकामी बाके भरावीत म्हणून शासनाला 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. अशा मुलाला कोणी ‘गॅप’ विचारत नाही, कारण त्याच्याकडे टीसी असते. जी मुले उघडपणे सांगतात की आम्ही घरी शिकलो, त्यांच्याकडेच संशयाने पाहिले जाते.

आता हा मार्ग धरू पाहणाऱ्या पालकांसाठी चार शब्द लिहिते, कारण आमच्या बऱ्याचशा चुका माहितीअभावी झाल्या. घरी शिकवले म्हणजे दोन वर्षांची बारावी एका वर्षात उरकेल, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. एनआयओएसमध्ये दहावी आणि बारावीच्या परीक्षेत दोन वर्षांचे अंतर राखावेच लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि विषय सुटे सुटे देत नऊ संधींत उत्तीर्ण होता येते. ही सवलत गायन, नृत्य किंवा खेळात वेळ देणाऱ्या मुलांसाठी सोन्यासारखी आहे, पण आयआयटीकडे डोळे लावून बसलेल्याने तिच्यापासून सांभाळून राहावे, कारण आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्ड या प्रवेशपरीक्षेला बारावीची परीक्षा पहिल्यांदा कधी दिली ते वर्ष पाहिले जाते आणि संधी लागोपाठच्या दोनच वर्षांत मिळते. विषय लांबवत नेले तर ही संधी हातची जाऊ शकते. तिच्याआधी द्यायच्या जेईई मेन परीक्षेसाठी बारावीला किमान पाच विषय लागतात. वैद्यकीयचे म्हणाल, तर मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेपासून दूर ठेवणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांची पात्रता मान्य झाली. हे माहीत नसल्यामुळे आजही ‘तुमच्या मुलीला नीट देता येणार नाही’ असे ठणकावून सांगणारे मला भेटतात.

राज्याच्या सीईटीचे (अभियांत्रिकी वगैरेंसाठीच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचे) गणित वेगळे आहे. ती परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते, अकरावीचा सुमारे पाचवा हिस्सा आणि उरलेला बारावीचा. त्यामुळे एनआयओएसची पुस्तके कितीही घोटली तरी बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके वेगळी करावीच लागतात, आणि ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट एनआयओएसच्या ज्या अभ्यासकेंद्रावर नाव घालतो त्याची आहे. राज्याच्या कोट्यातून अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला जायचे असेल, तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली आहे का हे पाहिले जाते. आपण मध्य प्रदेशच्या वेशीवर राहतो. ‘पलीकडच्या केंद्रावर नाव घाला, पेपर सोपे जातात’ असे सांगणारे दोन फोन मलाही आले होते. असल्या आमिषाला बळी पडून मुलाचा राज्याचा कोटा घालवू नये.

राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा अर्ज) हाही एक मार्ग आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलांना तो जवळचा वाटतो. त्यातही शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि दहावीला बसायचे तर किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते. जे मूल कधी शाळेतच गेले नाही, त्याच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. पण सतरा नंबरची मुदत पावसाळ्यात कधीतरी येते, आपल्यासारख्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत छापून येते आणि निघून जाते. संपादक महोदय, त्या चार ओळी पहिल्या पानावर आणता आल्या तर पाहावे.

अभ्यासापेक्षा आम्हाला जड गेल्या त्या दोनच गोष्टी. पहिली, सलग तीन तास लिहिणे. मुलीने घरातल्या पहिल्या सराव परीक्षेत दीड तासात पेन खाली ठेवले आणि ‘मला सगळं येतं’ असे सांगितले. येत होतेच, पण कागदावर उतरले नव्हते. मग दर रविवारी दुपारी अडीच ते साडेपाच पेपर सोडवायचा नियम केला. एनआयओएसचे पेपर नेमके याच वेळेत असतात, तेही एप्रिल-मे महिन्यांत, आणि नागपुरात त्या वेळी कूलर नसलेल्या खोलीत बसणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. परीक्षेच्या दिवसांत डोक्याला ओला दुपट्टा, डब्यात पन्हे आणि खिशात कांदा घेऊनच आम्ही केंद्रावर जात असू.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. अभ्यासकेंद्रावर प्रात्यक्षिके होतात, पण ती पुरेशी नसतात. मुलीने ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची खुणांची काचनळी) हातात धरले ते परीक्षेच्या तीन आठवडे आधी. ओळखीच्या एका प्राध्यापिकेने आपल्या जबाबदारीवर दोन रविवार तिला प्रयोगशाळेत उभे केले. पोटॅशियम परमँगनेटचा शेवटचा थेंब पडल्यावर द्रावणाचा रंग जेमतेम फिका गुलाबी व्हायला हवा, आणि पहिल्या पाचही वेळा तो जांभळाच झाला. सहाव्यांदा तिने नळीचा खटका अर्धवट फिरवून थेंब टोकाला लोंबत ठेवला आणि काचेच्या कांडीने टिपून घेतला. ही हातोटी घरच्या टेबलावर कोणत्याही चित्रफितीतून आली नसती, हे कबूल करायला मला संकोच नाही. विज्ञान शाखा घ्यायची असेल आणि प्रयोगशाळेची सोय होत नसेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की अकरावीला मुलाला सरळ कनिष्ठ महाविद्यालयात घालावे.

मित्रमैत्रिणी कोठून मिळणार, हा प्रश्न मुख्याध्यापक महोदयांनी विचारला आहे. मिळाल्या, रमण विज्ञान केंद्रात आणि पोहण्याच्या तलावावर. शाळेइतक्या नाही मिळाल्या, हेही खरे.

माझी मागणी नवा कायदा करण्याची नाही. 1937 मध्ये इथून दोन तासांवरच्या वर्ध्यात हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला गेला, त्या विदर्भात घरात शिकलेल्या मुलाला निदान विचित्र मानले जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नसावी. प्रत्यक्षात हवे आहे ते फारच किरकोळ. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक महाविद्यालय आवश्यक कागदपत्रांची यादी लावते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट हाच दाखला म्हणून घ्यावा आणि वेगळी टीसी किंवा खंड प्रतिज्ञापत्र मागू नये, अशी एक ओळ त्या यादीत घालावी, असे परिपत्रक विद्यापीठाने काढावे. ज्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंद असतात, त्यांनी माफक शुल्क घेऊन परीक्षेआधी दोन महिने त्या खासगीरीत्या बसणाऱ्या मुलांना उघडून द्याव्यात. शुल्क द्यायला आम्ही तयार आहोत, ओळखीने आत शिरायची वेळ आणू नये.

धाकटा मुलगा यंदा एप्रिलमध्ये दहावीला बसतो आहे. दोन वर्षांच्या नियमाने हिशेब केला, तर त्याच खिडकीपुढे मला पुन्हा उभे राहायला बराच अवधी आहे. तेवढ्यात ती एक ओळ यादीत येणे अवघड नसावे.

आपली,
एक पालक
प्रतापनगर, नागपूर