हृदयाभोवतीचं पाणी काढलं, तपासलं कुणी?

मा. संपादक, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हार्ट अटॅक, बीपी, कोलेस्टेरॉलवर काही ना काही येतच असतं, पण लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा, गाठी येणारा कॅन्सर, हृदयापर्यंत पोचतो हे मी तरी कुठं वाचलं नव्हतं. "हार्टला कॅन्सर होत नसतो" असंच आम्ही ऐकत आलेलो. ते अर्धंच खरंय, तिथं सुरू होणारा कॅन्सर फारच क्वचित, पण दुसरीकडून येऊन तिथं बसणारा त्याच्या कितीतरी पट.

आमच्या दाजींचं सांगतो. जिना चढताना धाप, पायाला एवढी सूज की चप्पल काढली तरी पट्ट्याचा वळ तसाच. इको केला तर हृदयाभोवती पाणी. सुई घालून काढलं, लालसर, कोकम सरबतासारखं, बाटलीभर. आपल्याकडं अशा पाण्याचं कारण बऱ्याचदा टीबी निघतो म्हणून अंदाजानंच टीबीच्या गोळ्या आणि जोडीला स्टेरॉइड सुरू झालं, पण पाणी काय कॅन्सरच्या पेशींसाठी तपासायला गेलंच नाही. आणि पंधरा दिवसात दाजी टकाटक! आम्ही पेढे वाटले. स्टेरॉइडनं लिम्फोमापण तात्पुरता आकसतो हे तेव्हा कुणाला माहीत. डोस कमी केला तसं पाणी परत. मग मुंबई, पेट (PET) स्कॅन, म्हणजे अंगात कॅन्सर कुठं कुठं आहे ते दाखवणारा, हृदयाच्या उजव्या कप्प्यात गाठ, काखेतही गाठी, आणि बायोप्सी दोनदा, कारण स्टेरॉइड पोटात गेलं की रिपोर्ट नीट येत नाही म्हणे.

निघाला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, लिम्फोमाचाच एक झपाट्यानं वाढणारा प्रकार. ऑपरेशन नाही, केमोच, आर-चॉप नावाचा औषधांचा संच, दर 21 दिवसांनी, 6 सायकल. त्यातलं ते लाल औषध हार्टलाच त्रास देऊ शकतं म्हणून आधी इको. पहिला डोस मॉनिटर लावून, बेतानं, कारण हृदयाच्या भिंतीतली गाठ झटकन विरघळली तर भिंतच फाटायची भीती. हे ऐकून ताई खुर्चीतच बसली.

आता चौथी सायकल झालीय, केस गेलेत, सूज नाही. डॉक्टरांवर राग काढायला हे लिहीत नाहीये, टीबी वाटणं साहजिक होतं. पण बाटली हातात असताना "हे सायटॉलॉजीला, म्हणजे पेशी तपासायला, पाठवताय ना?" एवढं विचारायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एखाद्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या, तेलाच्या जाहिरातीची अर्धी जागा पुरेल.

आपला एक वाचक, सांगली