तुर्कमेनिस्तान रस्त्याने पाहावा

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण तुर्कमेनिस्तानवरचा प्रवासलेख छापला, त्याबद्दल आभार आणि थोडी तक्रार अशा दोन्हींसाठी हे पत्र लिहीत आहे. मराठी वृत्तपत्रांत ज्याचे नाव सहसा फक्त वायुवाहिनीच्या बातमीत येते, अशा देशाला आपण पाऊण पान दिलेत, हे चांगलेच झाले. परंतु सगळा लेख दरवाझाचे नैसर्गिक वायूने जळते विवर आणि राजधानी अश्गाबातच्या पांढऱ्या संगमरवरी इमारती यांतच आटोपला. प्राचीन मेर्वच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आले आणि तेही ‘मंगोलांनी उद्ध्वस्त केलेले शहर’ एवढे सांगून थांबले. अश्गाबातला विमानाने उतरावे, एक रात्र विवराकाठी काढावी आणि परतीचे विमान पकडावे, हा लेखकाने सुचवलेला कार्यक्रम छायाचित्रांच्या दृष्टीने सोयीचा असेल. त्यातून हा देश कळणार नाही. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. काही वर्षांपूर्वी आम्ही चार स्नेही उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याहून जमिनीच्या मार्गाने या देशात शिरलो, तेव्हा माझे लक्ष मनोऱ्यांपेक्षा पाण्याकडे अधिक होते, हे आधीच सांगून टाकतो.

तुर्कमेनिस्तानचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक आहे आणि त्यातला बहुतेक भाग काराकुमच्या वाळवंटाने व्यापलेला आहे. वस्ती जवळजवळ सगळी पाण्याच्या कडेने आहे. पूर्वेस व उत्तरेस अमू दर्या, दक्षिणेस इराणच्या सीमेवरील कोपेत दाग डोंगराच्या पायथ्याचे ओढे, आणि मधल्या भागात अफगाणिस्तानातून येऊन कोणत्याही समुद्राला न मिळता वाळूतच जिरणाऱ्या मुर्गाब व तेजेन या दोन नद्या, एवढाच तिथला आधार. फाराबची सीमाचौकी ओलांडून आणि अमू दर्या पार करून तुर्कमेनाबातला आल्यावर मेर्वजवळच्या आजच्या मारी शहराच्या रस्त्याला लागले की, कापसाची शेते कुठे संपतात, सॅक्सॉलची झुडपे कुठे सुरू होतात, रेपेतेकच्या परिसरात वाळूच्या टेकड्या रस्त्याच्या किती जवळ येतात आणि पुन्हा पहिला पाट व तुतीची पहिली रांग किती वेळाने दिसते, हे सगळे प्रवाशाला आपसूक समजत जाते. मोटारीला काही तास लागणारे हे अंतर कापायला उंटांच्या तांड्यांना कित्येक दिवस लागत, आणि त्या दिवसांच्या शेवटी मेर्व येई. मेर्व एवढे संपन्न का झाले, याचे निम्मे उत्तर या रस्त्यावरच मिळते.

१९९९ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले मेर्व हे एक शहर नसून एकमेकांना लागून वसलेल्या अनेक शहरांचा समूह आहे. प्राचीन इराणच्या अखमेनिड राजवटीतला एर्क काला (काला म्हणजे किल्ला), त्याला पोटात घेऊन ग्रीक सेल्युसिड राजांनी वसवलेला ग्यौर काला, त्याच्या पश्चिमेस सेल्जुक या तुर्क घराण्याचा सुलतान काला आणि दक्षिणेस तैमुरी काळातला अब्दुल्ला खान काला. आपल्याकडे जुन्या गावावरच नवे गाव चढत जाते आणि पांढरीचे टेकाड तयार होते. मेर्वमध्ये मात्र वस्ती शेजारी सरकत गेली आणि जुन्या शहराचा तट उघडा राहिला. हे सरकणेही बरेचसे पाटांच्या मागे झाले: अरबांच्या काळात माजान नावाच्या कालव्याच्या काठी उपनगर वाढले, त्याचेच पुढे सुलतान काला झाले. बाराव्या शतकातली सुलतान संजरची कबर याच भागात उभी आहे. मंगोल येण्याच्या थोडे आधी याकूत हा अरब भूगोलकार इथे राहत होता. शहरात दहा ग्रंथालये असल्याचे आणि एका वेळी दोनशे किंवा त्याहून अधिक ग्रंथ घरी नेता येत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. आजच्या आपल्या कोणत्याही वाचनालयाच्या सभासदाला त्याचा हेवा वाटावा.

१२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तोलुई याने हे शहर लुटले व माणसे कापली, हे खरेच आहे. पण मेर्व तेव्हा संपले नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभी तैमूरचा मुलगा शाहरुख याने मुर्गाबवरचा बंधारा दुरुस्त करून घेतला आणि वस्ती पुन्हा उभी केली. तिचा अंत झाला अठराव्या शतकाच्या अखेरीस, बुखाऱ्याचा अमीर शाह मुराद याने तो बंधारा फोडला आणि लोकांना उचलून बुखाऱ्याकडे नेले तेव्हा. कत्तलीतून उठलेले शहर पाणी तुटल्यावर उठले नाही. लेखातल्या त्या एका वाक्याने हाच भाग गाळला, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

कार्ले-कान्हेरी पाहिलेल्या मराठी माणसाने मेर्वमध्ये आणखी एका ठिकाणी थांबावे. ग्यौर कालाच्या तटाच्या आत एका बौद्ध स्तूपाचे आणि विहाराचे अवशेष आहेत. बौद्ध धर्माच्या आजवर सापडलेल्या अगदी पश्चिमेकडच्या स्तूपांत त्याची गणना होते. याच परिसरात, बैराम-अली गावाजवळ, सोव्हिएत काळात मातीच्या भांड्यात ठेवलेले भूर्जपत्रावरील संस्कृत बौद्ध हस्तलिखित सापडले. आज स्तूपाच्या जागी मातीचा ढिगारा दिसतो, त्यामुळे मार्गदर्शक तिकडे नेण्यास उत्सुक नसतात. आपण आग्रह धरावा. ज्यांच्याकडे वेळ आणि चारचाकी चालनाची मोटार आहे, त्यांनी उत्तरेस वाळवंटात गोनूर देपेपर्यंतही जावे. व्हिक्टर सारियानिदी यांनी उत्खनन केलेले हे कांस्ययुगीन नगर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे असून तिथे हत्तीचे चित्र असलेली सिंधू संस्कृतीची मुद्रा मिळालेली आहे. आज तिथे कोरडी वाळू आहे. मुर्गाबचे पाणी तेव्हा इतक्या उत्तरेपर्यंत पोहोचत होते आणि ते मागे हटले तशी माणसे दक्षिणेकडे सरकली.

देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या कुन्या-उर्गेंचची कथाही याहून वेगळी नाही. ही ख्वारिज्म या राज्याची जुनी राजधानी. अल्-बिरुनी हा आपल्याला भारताविषयीच्या लेखनामुळे ठाऊक असलेला विद्वान इथल्या दरबारी होता आणि १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिज्म घेतल्यावर तिथून गझनीला नेला गेला. सुमारे साठ मीटर उंचीचा कुतलुग तिमूरचा मनोरा आणि तुराबेक खानुमच्या वास्तूतील घुमटाच्या आतले रंगीत नक्षीकाम पाहण्यासाठी एवढ्या लांब येणे सार्थकी लागते. हे शहर मंगोलांनी १२२१ मध्ये आणि तैमूरने १३८८ मध्ये उद्ध्वस्त केले. त्यानंतरही ते कसेबसे टिकले, पण सोळाव्या शतकात अमू दर्याने पात्र बदलले आणि राजधानी खिव्याला गेली.

अश्गाबातजवळचे निसा हे स्थळ प्राचीन इराणच्या पार्थियन राजवटीचे असून त्याचे खरे वैभव, म्हणजे हस्तिदंती शिंगपात्रे, शहरातल्या संग्रहालयात आहे. जागेवर जाण्याआधी ती पाहावीत, नाहीतर निसा हे केवळ मातीचे गढीवजा टेकाड वाटते.

या सगळ्या प्रवासात सोबत राहणारी आधुनिक गोष्ट म्हणजे काराकुम कालवा. १९५४ मध्ये काम सुरू झालेला आणि तेराशे किलोमीटरहून लांब असलेला हा कालवा अमू दर्याचे पाणी मेर्वपाशी, अश्गाबातला आणि त्याच्याही पुढे पश्चिमेस नेतो. अरल समुद्र आटण्याच्या कारणांत त्याचा वाटा मोठा आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याचा मेर्वशी असलेला संबंध मात्र फारसा कुणी सांगत नाही. बिनअस्तराच्या कालव्यातून पाझरणारे आणि कापसाला वारेमाप दिलेले पाणी निचऱ्याअभावी भूजलाची पातळी वर आणते, त्याबरोबर क्षार वर येतात आणि कच्च्या विटांच्या भिंतींना पायापाशी लोणा लागतो. भिंत खालून कुरतडली जाते आणि एके दिवशी वरचा भाग कोसळतो. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा रोग ओळखायला मार्गदर्शकाची गरज पडत नाही. मेर्वमधल्या किझ काला या जुन्या वास्तूच्या पन्हळीदार भिंतींवर छायाचित्रासाठी चढणारे पर्यटक मी पाहिले आहेत. आधीच खालून पोखरलेल्या मातीवर हा भार तरी टाळता येण्यासारखा आहे आणि प्रवासलेखकांनी तसे स्पष्टपणे लिहायला हवे.

विवराबद्दल एक दुरुस्ती. आग १९७१ मध्ये लागली असे लेखात ठामपणे म्हटले आहे, पण ते साल वादातीत नाही. विवर त्याआधी पडले आणि पेटले बरेच नंतर, असे तिथल्या काही भूवैज्ञानिकांचे म्हणणे आहे. शिवाय आग पुष्कळ कमी झाल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांनी २०२५ मध्ये सांगितले. केवळ त्या ज्वाळांसाठी जाणाऱ्यांची निराशा होण्याचा संभव आहे.

जमिनीवरून जाणे गैरसोयीचे आहे, हे मान्यच करायला हवे. तिथल्या प्रवास कंपनीमार्फत निमंत्रणपत्र आणि सोबत मार्गदर्शक, ही पर्यटकांसाठीची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. २०२५ मध्ये ई-व्हिसासाठी कायदा झाला असला तरी निघण्यापूर्वी नवी दिल्लीतील वकिलातीकडून ताजे नियम तपासून घ्यावेत. बँकेच्या कार्डांवर विसंबू नये, न चुरगळलेल्या डॉलरच्या नोटा न्याव्यात. सरकारी इमारती व सीमाचौक्या यांची छायाचित्रे घेऊ नयेत. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने योग्य, कारण उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. शाकाहारी मंडळींना भट्टीतली चोरेक नावाची रोटी, टोमॅटो, दही आणि खरबूज यांवर भागवावे लागेल; खरबूज मात्र असे की तक्रार राहत नाही. अश्गाबातहून मारीकडे नवा द्रुतगती मार्ग झाला आहे. दरवाझावरून उत्तरेस जाणारा रस्ता आम्ही गेलो तेव्हा इतका खराब होता की, पाठीचे दुखणे असलेल्यांनी त्या टप्प्यासाठी रेल्वेचा विचार करावा.

उझबेकिस्तानच्या सहली नेणाऱ्या मराठी कंपन्या आता अनेक आहेत आणि त्यांचे प्रवासी बुखारा व खिवा पाहून परततात. ही दोन्ही शहरे तुर्कमेनिस्तानच्या सीमेपासून फार दूर नाहीत. बुखाऱ्याहून मेर्व आणि खिव्याहून कुन्या-उर्गेंच अशी जोड या सहलींना देता येईल का, याचा या कंपन्यांनी विचार करावा. आपणही या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा त्यासोबत मुर्गाब, तेजेन, अमू दर्या आणि काराकुम कालवा दाखवणारा एक साधा नकाशा द्यावा, अशी विनंती आहे. त्यासाठी विवराचे छायाचित्र लहान करावे लागले तरी चालेल.

आपला,
एक सेवानिवृत्त अभियंता, सांगली