एकोणीस दिवस खातं बंद आहे, कारण गावाचं नाव

मॅनेजर साहेब,

आत्ता 47 मिनिटं होल्डवर बसून फोन ठेवलाय म्हणून लिहालोय. 19 दिवस झाले माझं करंट अकाउंट फ्रीज आहे. जर्मनीच्या पार्टीचे पैसे येऊन पडलेत, काढता येईनात. बेळगावात उद्यमबागला माझं लहान मशीन शॉप आहे, नऊ पोरं कामाला, पगार शनिवारी. केवायसीचे कागद तीनदा पाठवले, तीनदा!

आजचं ऐका. बाई म्हणाल्या, सर सिटी मिसमॅच आहे, आमच्या सिस्टीममध्ये बेलगाम, तुमच्या आधारवर बेळगावी. मी म्हणालो, मॅडम एकच गाव ते, 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारनं नाव बदललं, हेस्कॉमचं लाइट बिल बघा, पिन तोच की 590008. परत होल्ड, ती तुमची पिपाणी. आल्या आणि विचारतात काय, "सर, दोन्ही सिटीत अंतर किती किलोमीटर?" शून्य म्हणालो, तर शून्य टाइप पण केलं वाटतं. मग, "स्टेट महाराष्ट्र की कर्नाटक?" अहो बाई, ह्याचीच केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलीय, तुम्ही ड्रॉपडाऊनमधनं निकाल लावणार काय? कर्नाटक टाका म्हणालो शेवटी. बेलगाम आमचं गाव नाही हो, तुमचा कस्टमर केअर आहे.

वर म्हणे आरबीआयचा नियम. कुठला? पत्ता बदलला नसेल तर नुसतं सेल्फ डिक्लेरेशन ईमेलनं चालतं, हाच आरबीआयचा नियम आहे, मी वाचलाय. तो सांगितल्यावर लगेच, "सर आमची ग्लोबल पॉलिसी आहे." म्हणजे सोयीचं असलं की आरबीआय, नाहीतर हेड ऑफिस. अमेरिकेच्या टॅक्सचा तो फॅटकाचा फॉर्म दिला ते एकवेळ समजतो, भारतानं 2015 ला करार केलाय म्हणून गुमान भरला, गोव्याच्या पुढं गेलेलो नाही तरी. पण तुमची ग्लोबल पॉलिसी कुठल्या करारात बसते? बँक परदेशी असंना का, इथं लायसन्स 1949 च्या बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टखाली आरबीआयकडनंच घेतलंय की.

सासरे म्हणाले होते, गावच्या सोसायटीत ठेव, निदान चेअरमन चहाच्या गाड्यावर तरी सापडतो. परदेशी बँक, शिस्त असेल म्हणून तुमच्याकडं आलो मी. पुण्याच्या ब्रँचला जाऊन खातं काढलं, इथं तुमची ब्रँच पण नाही.

लेखी तक्रार ही समजा. 30 दिवसांत सुटलं नाही तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडं, म्हणजे बँकांच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडं टाकणार, ऑनलाइन होतंय, परदेशी बँकांना पण लागू आहे, माहीत असेलच तुम्हाला. पण 30 दिवस माझ्याकडं नाहीत. शनिवारी पगार आहे, आणि कागद आता चौथ्यांदा पाठवणार नाही.