बॉम्बे डक आणि डाकगाडीचं तेच पुराण

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला बोंबलांवरचा लेख वाचला. लेख छानच, भाषा चुरचुरीत वगैरे, पण परत तीच डाकगाडी? म्हणे सुक्या बोंबलांचा वास डाकगाडीत भरला आणि साहेबाने 'बॉम्बे डाक'चं 'बॉम्बे डक' केलं, तेच बोंबलाचं इंग्रजी नाव झालं. अहो, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला, कलकत्त्यापर्यंत सलग रूळ जोडायला 1870 उजाडलं, आणि 'बॉम्बे डक' हे नाव 1829 च्या इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. मग वास कुठल्या गाडीला येत होता, बैलगाडीला?

एवढं चिडायला कारण आहे. मागच्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या क्विझमध्ये नेमका हाच प्रश्न आला. मी म्हटलं डाकगाडीची गोष्ट खोटी आहे, 1886 चा हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश उघडा, त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रायर नावाच्या डॉक्टरचं 1673 चं वाक्य दिलंय की माझगावला 'बम्बेलो' नावाचा मासा मिळतो, गरिबांचं खाणं, म्हणजे आपला बोंबील साहेबाला तेव्हापासून नावानिशी माहीत, आणि मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबांनाच 'डक' म्हणायचे हेही त्याच कोशात आहे. यावर क्विझवाला पोरगा शांतपणे म्हणाला, "काकू, पेपरात आलंय." झालं. मार्क गेला, मिक्सर सी विंगने नेला आणि विसर्जनापर्यंत पोरं मला डक काकू म्हणत होती. मिक्सरचं काही नाही हो, आहे माझ्याकडे. पण पेपरात आलंय म्हटलं की लोकांची तोंडं बंद होतात, तर छापण्याआधी नुसती रेल्वेची तारीख तरी कुणी बघायची की नाही?

आणि तो फोटो! खाली लिहिलंय 'वलांडीवर सुकणारे बोंबील' आणि आहेत वाकट्या, ते पट्टीसारखे लांब मासे. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टांगतात, तुमच्या फोटोत नुसत्या रिबिनी लोंबतायत. आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा हा फरक सांगेल. पुढच्या वेळी फोटोच्या ओळी लिहायला कृपया मासे खाणारा माणूस बसवा, तुमच्या ऑफिसात एखादा तरी असेलच.

आपली,
एक जुनी वाचक, वसई