आई, ओळख ना पाळख म्हणालीस म्हणून

प्रिय आई, बाबा,

काल फोन ठेवलास त्यानंतर मी दोनदा लावला आई. दुसऱ्यांदा बाबांनी उचलला आणि "झोपली गं ती" एवढंच म्हणाले. साडेनऊला तू झोपत नाहीस, मला माहितीये. म्हणून आता हे लिहितेय, कारण फोनवर तुझा आवाज भरून आला की माझाही येतो आणि सांगायचं ते सगळं राहूनच जातं. बाबा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा, मोबाईलवर एवढं वाचून तिचं डोकं धरेल. आणि मधलं काही गाळू नका, तुम्हाला सवय आहे.

आधी माझं चुकलं ते सांगते. ओळख नसलेल्या एका पेशंटला माझ्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी, द्यायच्यात हे दोन महिने लपवलं. पाडव्याला घरी आले तेव्हाच मला फोन येऊन गेला होता, तुझ्या ताटात श्रीखंड वाढताना दोनदा तोंडाशी आलं होतं माझ्या, पण त्या दिवशी दादाच्या नोकरीचं चाललेलं, बाबांचं बीपी वर, मग म्हटलं आज नको. मग ते "आज नको" रोजचंच झालं. काल पहिलं इंजेक्शन घेऊन आल्यावर सांगितलं हे तुला जास्त लागलं ना? विचारायला नाही, कळवायला फोन केला असं वाटलं असेल. खरंय ते. माफ कर मला. तू नको म्हणाली असतीस आणि तुझं नको ऐकून पुढे जायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून आधी हो म्हणून आले.

आज दुसरं इंजेक्शन झालं. कंबर थोडी ठणकतेय, ताप येण्याआधी अंग दुखतं ना तसं, एक पॅरासिटामॉल घेतली आणि जेवले. खोटं सांगत नाहीये, व्यवस्थित जेवले, मुगाची खिचडी आणि पापड. जावईबापूंनी केली होती, मीठ बरोबर होतं.

आता नीट ऐका, कारण काल अर्धंच ऐकलंत. पाठीत सुई घालून हाडातलं काही काढणार नाहीयेत. ते पूर्वी जास्त करायचे, आता बहुतेक वेळा रक्तातूनच घेतात. पाच दिवस रोज इंजेक्शन, आई तू इन्सुलिन घेतेस ना तशीच बारीक सुई, त्याने हाडातल्या स्टेम सेल जास्त तयार होऊन रक्तात उतरतात. गुरुवारी एका हातातून रक्त मशीनमध्ये जाणार, मशीन त्यातल्या तेवढ्याच पेशी काढून घेणार आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हाताने मला परत. चार-पाच तास पडून राहायचं, बास. ओठांना मुंग्या येतात म्हणे, कॅल्शियम कमी होतं म्हणून, तर ते लगेच कॅल्शियम देतात. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर परत बनवतं. आणि तू जे विचारायचं होतंस पण बाबा शेजारी होते म्हणून विचारलं नाहीस, ते मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, पुढे मूल व्हायला याने काही अडचण येत नाही. शब्द आहे माझा.

एवढं सगळं सांगूनसुद्धा तू काल म्हणालीस, "ओळख ना पाळख, कोण कुठला, त्याच्यासाठी तू अंगाला सुया टोचून घेणार?" रात्रभर तेच फिरत होतं डोक्यात. रागाने नाही गं. मला एकेक आठवत गेलं.

दिवाळीनंतर ठाण्याला प्लॅटफॉर्मवर तुला घाम फुटला होता, आठवतंय? तूच सांगितलंस मला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाकड्यापर्यंतसुद्धा पोचले नाही म्हणून. कॉलेजची पोर होती ती. तिने तुला धरून बसवलं, "काकू शुगर आहे का तुम्हाला" विचारलं, स्वतःच्या सॅकमधलं ज्यूस पाजलं, दोन बायका ओढणीने वारा घालत होत्या, कुणीतरी चिक्की काढून दिली. तिची ट्रेन आली, तिने सोडली. मग तुझ्याबरोबर स्लो पकडून डोंबिवलीला उतरली, रिक्षात बसवून दुसऱ्या मजल्यापर्यंत आणून सोडलं. ती राहायला मुलुंडला! म्हणजे ठाण्याहून पार उलट्या दिशेला आली आणि तेवढंच परत गेली, संध्याकाळच्या गर्दीत. चहा घे म्हणालीस तर "नको काकू, घरी वाट बघतायत" म्हणून जिन्यानेच पळाली. नाव विचारायचं राहिलं म्हणून तू आठवडाभर हळहळत होतीस. त्या रात्री देवापाशी दिवा लावताना काय म्हणालीस तेही मला फोनवर सांगितलंस, "कुणाची कोण पोर, तिचं भलं होऊ दे."

मी इथे पुण्यात बसून त्या मुलीचे पाय धरायला तयार होते. तुझ्याजवळ मी नव्हते आणि ती होती. हे मला अजून टोचतं.

आणि बाबा, तुम्ही. दर २६ जुलैला तुम्ही २००५ च्या त्या पावसाचं कात्रण काढता, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३, एकाच शहरात, एकाच दिवसात. मी सहावीत होते. मला आकडे कळत नव्हते, मला एवढंच आठवतं की लाईट नव्हते, फोन मेलेला, दादा रडत होता आणि आई गॅलरीतून हलत नव्हती, मंगळवारची अख्खी रात्र आणि बुधवारचा अख्खा दिवस. आई, तू मला त्या रात्री मांडीवर घेतलंस, मी केवढी मोठी झाले होते तरी, आणि माझे केस विंचरत राहिलीस, विंचरलेलेच परत परत. तुझा हात थरथरत होता, मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं. हे आजपर्यंत कधी सांगितलं नाही तुला.

बाबा बुधवारी रात्री आले ते अंगावर निळ्या चौकड्याची कुणाची तरी चादर घेऊन. मग ती गोष्ट. सीप्झहून तीनला निघाले, साकीनाक्याला कमरेएवढं पाणी, कुर्ल्याला छातीपर्यंत, आणि तिथली पोरं दोर बांधून उभी होती, "काका इकडून या, तिकडे गटार उघडंय" असं ओरडत एकेकाला पलीकडे घेत होती. आणि मग कुर्ल्याच्या मावशी. त्यांच्या पोटमाळ्यावर तुमच्यासकट अकरा माणसं, सगळी रस्त्यावरून वर घेतलेली, कुणी कुणाच्या ओळखीचं नाही. त्यांचं स्वतःचं खालचं सगळं घर पाण्यात होतं, धान्याचे डबे तरंगत होते, आणि त्या स्टोव्हवर अकरा जणांना पुरेल म्हणून खिचडी पातळ पातळ करत होत्या. सकाळी निघताना तुम्ही चादर घडी करून ठेवली तर त्यांनी ती उलगडून परत तुमच्या डोक्यावरून घातली, पाऊस आहे अजून म्हणून. पुढे मुलुंडपर्यंत तो टेम्पोवाला, त्यानेही पैसे घेतले नाहीत, आणि तिथून रुळांवरून चालत.

तुम्ही दोन महिन्यांनी चादर परत द्यायला गेलात आणि गल्ली सापडली नाही. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसत होत्या, भिंतींवर पाण्याची रेघ तेवढी. परत आलात तेव्हा चेहरा कसा झाला होता तुमचा. आई म्हणाली, असू दे, धुऊन ठेवते. वीस वर्षं झाली, ती चादर आपण कुणाला वापरायला दिली नाही.

मावशींनी तुम्हाला विचारलं नव्हतं कोण, कुठले, आडनाव काय. विचारत बसल्या असत्या तर? आई, मला एवढंच म्हणायचंय तुला. टोमणा नाही मारत गं, तुझ्या पोटात गोळा येतो तो मला कळतो, उद्या मला मुलगी झाली तर मीही हेच बोलेन. पण आपलं घर अशा माणसांच्या जिवावर उभं आहे ज्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. त्यांचं काहीच फेडता येत नाही आपल्याला, पत्ताच नाही कुणाचा. आता एक पत्ता नसलेलं माणूस माझ्याकडे मागायला आलंय. त्याला मी काय सांगू?

मला एवढंच कळलंय की पेशंट लहान मूल आहे आणि रक्ताचा आजार आहे. नाव, गाव काही नाही, वर्षभर तरी दोघांनाही सांगत नाहीत. २०१८ ला ऑफिसमध्ये स्टेम सेल देणाऱ्यांची नावं नोंदवायचा कॅम्प होता तेव्हा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली होती, पाच मिनिटांचं काम, मी विसरूनही गेले होते. सख्ख्या भावंडांचं जुळायची शक्यता चारात एक, आणि बाहेरच्याचं दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक असं काहीतरी सांगतात. म्हणजे त्या मुलाच्या आई-वडिलांनी घरातल्या सगळ्यांचं तपासून झालं असणार, मावश्या, काका, चुलत भावंडं, आणि कुणाचंच जुळलं नसणार, तेव्हा माझ्यापर्यंत आले.

सही करताना डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, कुणी काही बोलणार नाही. पण बाबा, गेल्या आठवड्यात त्या मुलाची केमो सुरू झालीये. त्यात त्याचं स्वतःचं मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, सगळं मारून टाकतात, माझ्या पेशी घालायला जागा करायची म्हणून. आता मी नाही म्हटलं तर त्याच्या अंगात रक्त बनवणारं काही उरतच नाही. म्हणून आता मला विचारू नका, परत फिर म्हणू नका. एवढं एकच मागते.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपण एका दिवाळीत फराळ द्यायला गेलो होतो, टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे पेशंट राहतात तिथे. टोपी घातलेला एक मुलगा माझ्या फुलबाज्यांच्या पाकिटाकडे बघत होता आणि मी पाकीट पाठीमागे लपवलं. आई, तू रागावली नाहीस. तू फक्त माझ्याकडे बघितलंस आणि मी अख्खं पाकीट त्याला देऊन टाकलं. घरी येताना ट्रेनमध्ये तू मला खिडकीत बसवलंस आणि डबा उघडून सगळ्यात मोठी करंजी दिलीस. तेव्हा त्याचं नाव तरी कुठे विचारलं होतं आपण.

असो. आता कामाचं.

तुम्ही दोघं बुधवारीच या, गुरुवारी पहाटे निघायचा हट्ट नको. बाबा, रिझर्व्हेशन मी करतेय, जनरलमध्ये चढायचं नाही, आणि कल्याणला पूल चढायचा नाही, लिफ्टने जायचं, मग दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. बीपीची गोळी प्रवास आहे म्हणून चुकवायची नाही. आई, पर्समध्ये साखरेची पुडी ठेव, बिस्किटं नाही, साखर. कसंतरी व्हायला लागलं की तीन चमचे साखर तोंडात टाकायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, सत्तरच्या खालीच असेल तर परत तेवढीच, आणि मग काहीतरी खायचं. आधी घरी पोचते मग बघते असं करायचं नाही. आणि एका कागदावर तुझं नाव, शुगर आहे हे, इन्सुलिन कोणतं आणि माझा नंबर असं मोठ्या अक्षरात लिहून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव. परत कुणी धरलं तुला तर त्या माणसाला तुझी माहिती शोधावी लागायला नको.

घरी तुमची खोली लावून ठेवलीये. बाबांना कडक उशी लागते ती आणली, गीझर दुरुस्त झालाय, खाली बाग आहे तिथे सकाळी सहाला माणसं फिरायला येतात, बाबांना कंपनी मिळेल. आई, तू स्वयंपाकघरात शिरायचं नाही, पोळ्यांना बाई लावलीये पंधरा दिवस. तुला करायचंच असेल तर मेतकूट तेवढं घेऊन ये, मला मऊ भात आणि मेतकूट खायचंय तुझ्या हातचं. आणि कपाळावर हात ठेवायला ये. बाकी काही नको.

गुरुवारी दुपारपर्यंत माझे दोन्ही हात अडकलेले असतील, त्यामुळे डोळे पुसायचं काम तुझ्याकडे, रडू मला येणारच आहे थोडं. तुला आत बसू देतील का ते विचारून ठेवलंय, हो म्हणालेत.

आणि ती चादर आण. माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, आईच्या जुन्या शालूच्या खाली. बाबांनी चढायचं नाही, दादाला सांगा काढायला. एक दिवस उन्हात टाका, डांबरगोळ्यांचा वास जाईल. त्या मशीनच्या खोलीत एसी फार असतो म्हणतात.

तुमची,
मनी