मसुदा तपासणी सेवेतील गंभीर चुका व पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी इंदूरच्या रामबागेत राहते. मी आणि माझे पती वर्षभराहून अधिक काळ वेगळे राहतो. घटस्फोट परस्पर संमतीने, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली घ्यायचा आहे आणि मध्यस्थी चालू आहे. पूर्ण प्रकरण वकिलाकडे सोपवणे आम्हाला परवडणारे नाही, म्हणून तुमची 4,500 रुपयांची ‘फक्त मसुदा तपासणी’ घेतली. वकीलपत्र नाही, हजेरी नाही. ठरलेल्या अटी वाचून माझ्या बाजूने काय राहिले ते सांगायचे, एवढेच काम.

परत आलेल्या मसुद्यातले चौथे कलम वाचा (अर्जदार क्र. 2 म्हणजे मी): ‘अर्जदार क्र. 2 स्वतःची व अपत्याची भविष्यातील पोटगी कायमची सोडून देत आहे.’ असे कधीच ठरले नव्हते. मुलीच्या शाळेची फी तिचे बाबा भरणार, हे माझ्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत होते. शिवाय मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे, आईच्या सहीने तो सुटत नाही. पुढच्या पानावर मुलीचा ‘मुलगा’ झाला आहे आणि इंदूरच्या कुटुंब न्यायालयाऐवजी पुण्याचे नाव आहे. स्त्रीधनाची यादी गायब. सासूबाईंनी स्वतः काढून ठेवलेल्या माझ्या पाटल्या आणि तोडे त्यात होते. दुसऱ्याच कुणाचा कागद आमच्या नावाने पाठवला, हे उघड आहे. काम थोडे घेतले म्हणून जबाबदारी थोडी होत नाही.

याहून वाईट म्हणजे मुलीच्या बाबांनीही तुमच्याकडेच नोंदणी केली, तेव्हा तुम्ही दोघांना एकच वकील दिला, तोही न सांगता. एकरकमी पोटगीत मी कुठपर्यंत खाली येईन, हे मी त्या वकिलांना विश्वासाने सांगितले होते. तो आकडा पलीकडे पोहोचला. मुलीच्या बाबांनीच मला हे कळवले, हा त्यांचा चांगुलपणा. तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर मात्र असे: ‘पूर्ण पॅकेज घ्या, मग वेगळा वकील देऊ.’

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आता मी जिल्हा प्राधिकरणाकडेच जाणार आहे.

आम्हा दोघांचेही पूर्ण पैसे परत करावेत. माझी कागदपत्रे कुणाकुणाला दाखवली ते कळवून ती नष्ट करावीत. एकाच जोडप्याला एकच वकील यापुढे देणार नाही, हेही लिहून द्यावे. मध्यस्थीची पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. त्याआधी लेखी उत्तर हवे, फोन नको.

आपली,
तक्रारदार ग्राहक
रामबाग, इंदूर