शिवराई ड्रममध्ये घालू नका

संपादक महोदय,

उन्हाळ्यात तापी-गिरणेचे पाणी ओसरले, की पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून नाणी शोधणारी मुले दिसू लागतात. आगगाडीतून नदीला वाहिलेली ही अलीकडची नाणी बरीचशी स्टेनलेस स्टीलची असल्याने चुंबकाला चिकटतात. बारीक खडी, नाणी बुडतील इतके पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून मोटरवरच्या ड्रममध्ये ती स्वच्छ करण्यासाठी काही तास फिरवली, तर माझी हरकत नाही. मात्र तांब्याची नाणी पांढऱ्या नाण्यांबरोबर फिरवू नयेत, कारण पांढऱ्यांवर तांबूस झाक चढते.

हरकत आहे ती जुन्या नाण्यांबाबत. अमळनेर तालुक्यातील माझ्या नातलगांना घराचा पाया उकरताना गाडग्यात सात शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी सापडली, आणि चिंचेने तांब्याचा हंडा लख्ख करण्याची आपली सवय असल्याने त्यांनी सहा नाणी एका कारखान्यात नेऊन सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीत रात्रभर फिरवून घेतली. सकाळी बाहेर निघाल्या त्या चकचकीत चकत्या. ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ मला बोटाने चाचपूनही सापडला नाही. मोह्सच्या कठीणता-मापनात तांबे 3 च्या आसपास, ही भुकटी 9 च्या वर, तर वाळूतले गारेचे कण 7 वर असतात. म्हणजे साधी वाळूही तांबे खरवडते. शिवाय ज्याला आपण मळ समजतो, तो हिरवट-तपकिरी थर नाण्याच्याच तांब्यापासून बनलेला असतो आणि झिजलेली अक्षरे पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे 1906 साली क्षहरात घराण्यातील राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. सातवाहनांनी क्षहरातांवर मिळवलेल्या विजयाचा हा पुरावा केवळ त्या वरवरच्या ठशांत आहे. तो ड्रममध्ये किती तास टिकला असता?

जुने नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजवून मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने माती काढावी, पूर्ण वाळवावे आणि तेथेच थांबावे. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, कारण जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा कळवणे 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. (दहा रुपयांची ही मर्यादा इंग्रजांच्या काळातली आहे, तरी कायदा कायदाच.)

सातवे नाणे गाडग्याच्या तळाशी मातीत चिकटून राहिले होते, म्हणून कारखान्यात गेले नाही. त्यावरचे ‘छत्रपति’ अजून स्पष्ट वाचता येते.

आपला,
एक नाणेसंग्राहक, धुळे